गोठ्यामागची डिझेल बुलेट परत रस्त्यावर आणायची का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमच्या गावी, वाळवा तालुक्यात, गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये थोरल्या काकांची डिझेल बुलेट उभी आहे. एनफिल्डची टॉरस. कंपनीतूनच डिझेल इंजिन बसून आलेली, आरसी बुकात इंधन डिझेल असंच छापलंय. ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर, वजन दोनशे किलोला चार कमी. काकांनी १९९४ ला घेतली आणि २०११ पर्यंत रोज चालवली. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली आणि गाडी शेडमध्ये गेली ती आजपर्यंत तिथंच. वर खताची रिकामी पोती, बाजूला कडबा.

माझं लहानपण त्या आवाजात गेलंय. पहाटे पाचला अंगणात डग... डग... डग... सुरू व्हायचं, साध्या बुलेटसारखं भारदस्त नाही, तर नदीवरच्या इंजिनसारखं, खडखडीत आणि संथ. दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या, मी पुढं टाकीवर, आणि हँडलला हात टेकला की कंप पार दातापर्यंत यायचा. काका पेट्रोल पंपावर गेलेले मला आठवतच नाहीत, कारण घरात डिझेलचं बॅरल कायम असायचं. लाईट गेली की ऊस भिजवायला नदीवर ऑईल इंजिन होतं, शिवाय ट्रॅक्टर, त्यांच्यासाठीच्या बॅरलातनंच नळी घालून गाडीची टाकी भरायची. ॲव्हरेज सत्तरच्या खाली कधी आलं नाही असं ते आजही सांगतात, आणि काका आकड्यात खोटं बोलणारे नाहीत.

आता मी पुण्यात असतो, महिन्यातून दोनदा गावी जातो. काका ८१ वर्षांचे झालेत. गेल्या खेपेला शेडमध्ये गेलो तर ते पोतं बाजूला सारून टाकी पुसत होते, मला बघून काही बोलले नाहीत, पुसत राहिले. तेव्हापासून डोक्यात आहे की ही गाडी सुरू करायची. पण नुसती सुरू करून उपयोग काय, वापरता यायला पाहिजे. ती पुण्याला आणावी का, आजच्या काळात डिझेलची मोटारसायकल परवडते का, पार्ट मिळतात का, आणि एवढा ॲव्हरेज देणारा प्रकार होता तर मग कुठलीच कंपनी आता तो का बनवत नाही? ज्यांनी वापरलीय किंवा दुरुस्त केलीय त्यांनी कृपया लिहा.

टॅपेट

वारणाकाठ, सगळ्यात आधी एक गोष्ट, शेडमध्ये जाऊन लगेच किक मारू नका. इतकी वर्षं उभ्या असलेल्या डिझेल गाडीच्या टाकीत तळाला पाणी आणि गंज असणारच, ते एकदा डिझेल दाबानं पुढं ढकलणाऱ्या पंपात गेलं की पंपाचा एलिमेंट (आतला दट्ट्या) आणि डिझेलचा फवारा मारणारं नोझल दोन्ही गेले. हे भाग इतक्या बारीक मापात घासून बसवलेले असतात की डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा त्यांना ओरखडा पाडतो.

माझं बावीस वर्षांचं काम डिझेल इंजिनांवरचंच आहे, शेतीची इंजिनं, तीन चाकी मालवाहू रिक्षा, जनरेटर. टॉरसचं इंजिन त्याच घराण्यातलं आहे, लोंबार्डिनी या इटालियन कंपनीच्या जातीचं, आपल्याकडे ग्रीव्हज कंपनी बनवायची. म्हणजे मोटारसायकलसाठी जन्माला आलेलं इंजिनच नाही ते. पाणी उपसणारं, दिवसभर एका लयीत चालणारं इंजिन एनफिल्डने बुलेटच्या फ्रेममध्ये बसवलं. तुम्ही आवाज नदीवरच्या इंजिनसारखा म्हणताय ते बरोबरच आहे, ते भावकीतलेच आवाज आहेत.

पार्टचं म्हणाल तर इंजिनाचे पार्ट हा प्रश्न नाही, पिस्टन रिंग, नोझल, वॉशर, पॅकिंग हे सगळं शेती इंजिनवाल्यांकडे मिळतं किंवा जुळवता येतं. चेन, ब्रेक, क्लच केबल बुलेटवाल्याकडे.

सह्याद्री_७७

फोटो टाका की दादा. शेडमधलाच टाका, धुतलेला नको.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून फक्त आकडे मांडतो.

काकांच्या काळात डिझेल पेट्रोलच्या निम्म्या भावाच्या आसपास मिळायचं. साडेतीनशे सीसीची पेट्रोल बुलेट तीसेक किलोमीटर द्यायची, ही सत्तर. म्हणजे लिटरमागं दुपटीहून जास्त अंतर आणि लिटर निम्म्यात, किलोमीटरचा खर्च साडेचार पटीनं कमी. त्या माणसानं ही गाडी घेतली यात हौस होती असं मला वाटत नाही, हा निव्वळ शहाणपणाचा व्यवहार होता, आणि घरात बॅरल असेल तर पंपापर्यंतची चक्करही वाचली.

आता बघा. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये सरकारने बाजारावर सोडले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. आज आपल्याकडे पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरा. टॉरसने सत्तर दिलं तर किलोमीटरला १ रुपया २९ पैसे. साध्या १०० सीसी पेट्रोल गाडीने पासष्ट दिलं तर १ रुपया ६० पैसे. फरक ३१ पैसे. महिन्याला ४०० किलोमीटर चालवलीत तर वाचले १२४ रुपये. यात तुमचा एक ऑईल चेंजही होत नाही. इलेक्ट्रिक स्कूटर मध्ये घेतली तर ती पंचवीस-तीस पैशात किलोमीटर काढते, मग डिझेलचा विषयच संपतो.

तेव्हा "परवडते का" या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. सुरू करायची असेल तर काकांसाठी करा, ते कारण मला पुरेसं वाटतं.

वारणाकाठ

हिशेबनीस, हे असं कुणी मांडून दाखवलंच नव्हतं. मी आत्तापर्यंत सत्तर किलोमीटर या एका आकड्यावरच अडकलो होतो, साडेचार पट आणि ३१ पैसे हा फरक वाचून जरा वेळ गप्पच बसलो. टॅपेट, किक मारणार नाही, शब्द देतो. पण दुसरा प्रश्न राहिलाच की, कंपन्या का बनवत नाहीत?

टॅपेट

सांगतो, जरा सविस्तर लिहावं लागेल.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून मिश्रण पेटवतात. डिझेलात प्लगच नाही. हवा इतकी दाबायची, सोळा ते वीस पट, की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि मग त्यात डिझेलचा बारीक फवारा मारायचा, ते आपोआप पेटतं. पेट्रोल गाडीत हाच दाब नऊ-दहा पट असतो. आता एवढा दाब सोसायचा तर क्रँक, कनेक्टिंग रॉड, हेड, सगळं जाड पाहिजे, म्हणजे वजन आलं. फ्लायव्हील जड पाहिजे नाहीतर इंजिन पुढचा दाब ओलांडणारच नाही. आणि हा सगळा जडपणा घेऊन इंजिन पळतं किती, तर टॉरसचं ३६०० आरपीएमच्या आसपास संपतं. पेट्रोलची छोटी गाडी आठ हजारापर्यंत जाते. ताकद म्हणजे जोर गुणिले वेग, जोर कितीही असला तरी फेरे कमी पडले की हॉर्सपॉवर पडते. म्हणून ३२५ सीसी असून साडेसहा हॉर्सपॉवर, आणि स्प्लेंडर ९७ सीसी असून आठ. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो, तुमच्या गाडीचं १९६. घाटात काय होत असेल बघा.

चारचाकीत हे शंभर किलो जास्त झाले तर कळत नाहीत, टर्बो लावला की ताकदही भरून निघते. दोन चाकांवर प्रत्येक किलो तुमच्या पायाला आणि मनगटाला जाणवतो.

पण फायदेही सांगितले पाहिजेत. डिझेलात लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त असते, दाब जास्त म्हणून ती वापरलीही नीट जाते, आणि हळू चालवताना पेट्रोल इंजिनासारखा हवेचा गळा आवळलेला नसतो. गावातल्या तीस-चाळीसच्या स्पीडला हे इंजिन सगळ्यात खूश असतं. इग्निशनची वायर नाही, कॉइल नाही, त्यामुळं ओढ्याच्या पाण्यातनं जाताना प्लग भिजून बंद पडायची भीती नाही. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटही घेत नाही, म्हणूनच तर लोक घरात बॅरल ठेवायचे.

याच कारणासाठी अमेरिकेच्या मरीन सैन्याने डिझेल मोटारसायकल घेतली होती, एम१०३०एम१ नावाची, कावासाकीच्या केएलआर ६५० वर कॅलिफोर्नियातल्या हेज कंपनीने तयार केलेली. रणगाडा, ट्रक, मोटारसायकल सगळ्यांना एकच इंधन, पेट्रोलचा वेगळा टँकर नको. तुमच्या काकांच्या बॅरलचाच हिशोब, फक्त सैन्याच्या मापाचा.

ऱ्हाईनकाठचा_मी

मी जर्मनीत असतो, डिझेल मोटारसायकल म्हटल्यावर राहवलं नाही. इथे सोमर नावाच्या गृहस्थांनी एनफिल्डच्याच फ्रेममध्ये हात्झ कंपनीचं ४६२ सीसी डिझेल इंजिन बसवून गाड्या बनवल्या, ताकद अकरा हॉर्सपॉवरच्या आसपास. एका मेळाव्यात उभी असलेली बघितली आणि मालकाने ती सुरू केल्यावर मला थेट मळ्यातली विहीर आठवली, शेजारी उभ्या असलेल्या जर्मन माणसाला मी ते कसं समजावणार, नुसता हसलो. हात्झचं इंजिनही मुळात बांधकामावरच्या यंत्रांसाठीचं. शेजारच्या हॉलंडमध्ये ट्रॅक नावाची गाडी निघाली होती, त्यात स्मार्ट या छोट्या कारचं तीन सिलिंडरचं ८०० सीसी टर्बो डिझेल होतं, शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी फिरणारा दांडा), गिअर बदलायची भानगड नाही. लांब पल्ल्याला अप्रतिम असणार, पण किंमत अशी की मोजक्याच लोकांनी घेतली.

म्हणजे गंमत बघा, भारतात ती गरजेपोटी आली आणि इथं प्रेमापोटी. इंजिन मात्र दोन्हीकडे काम करणाऱ्या यंत्रातलंच.

राजकोटकर

आमच्याकडे अजून एक नातलग आहे, छकडा. मी नोकरीनिमित्त सौराष्ट्रात नऊ वर्षं काढली. पुढनं बघितलं तर बुलेट, तीच टाकी तोच हेडलाईट, मागं दोन चाकं आणि हौदा, आणि इंजिन डिझेल. वीस-वीस माणसं, गवताचे भारे, शेळ्या, सगळं त्यावर. टॉरसपेक्षा त्याच कल्पनेचा जास्त उपयोग छकड्याने केला असं माझं मत आहे, कारण डिझेलचा जोर ओझं ओढायला आहे, एकटा माणूस पळवायला नाही.

अनघा_त

मला या धाग्यात थोडं वेगळं बोलायचंय, कुणाचं मन दुखवायचा हेतू नाही.

आमचं घर हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून आहे. माझ्या वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे, घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. खिडकीची काच सकाळी पुसली तर संध्याकाळी बोटाला काळं लागतं. जुनं डिझेल इंजिन चढाला जो काळा धूर सोडतं तो तुम्हाला आठवणीतला वास असेल, आमच्या घरात त्याने माणूस रात्रभर उठून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय, तंबाखूच्या शेजारी.

मान्य आहे की इंधन सुधारलंय. डॉ. माशेलकर समितीने २००२ मध्ये अहवाल दिला, त्यातून टप्पे ठरत गेले. २००० च्या सुमारास डिझेलात अडीच हजार पीपीएम (दहा लाखात अडीच हजार भाग) गंधक चालायचं, प्रदूषण नियमांच्या बीएस ४ टप्प्याला ५० झालं आणि एप्रिल २०२० पासून बीएस ६ मध्ये १० वर आलं. पण इंजिन १९९४ चं आहे, त्याला ना फिल्टर ना काही. एक गाडी म्हणून काय फरक पडतो असं म्हणाल, तर आमच्या खिडकीखालून जाणारी प्रत्येक गाडी एकच असते.

गावात, शेतात, कधीतरी चालवा. पुण्यात आणू नका, एवढीच विनंती.

वारणाकाठ

अनघाताई, मन अजिबात दुखलं नाही. खरं सांगायचं तर धागा काढताना हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, गावात घराला चार बाजूंनी वारा, धूर कधी कुणाला लागलाच नाही. वडिलांना आराम पडो. पुण्याचा विचार मी आजच रद्द केला.

टॅपेट

ताईंच्या मुद्द्यातच कंपन्यांच्या प्रश्नाचं शेवटचं उत्तर आहे, ते लिहायचं राहिलं होतं. आजच्या नियमात डिझेल इंजिन बसवायचं तर उच्च दाबानं डिझेल फवारणारं कॉमन रेल, धूर अडवणारा फिल्टर, नायट्रोजन ऑक्साईड कमी करणारी यंत्रणा आणि त्या सगळ्यावर लक्ष ठेवणारे सेन्सर लागतात. कारमध्ये हा खर्च जिरतो, लाखभराच्या मोटारसायकलमध्ये इंजिनापेक्षा सायलेन्सर महाग होईल. २०१४ च्या ऑटो एक्स्पोत हिरोने आरएनटी नावाची दीडशे सीसी डिझेल स्कूटर दाखवली होती, वर सपाट हौदा, ओझं वाहायला, शेतकऱ्याला आवडेल अशी. मी तो फोटो वर्कशॉपमध्ये लावला होता. पुढं ती बाजारात आलीच नाही.

बाकी काळा धूर म्हणजे नोझल खराब किंवा पंप जास्त डिझेल सोडतोय. नोझल बदलून प्रेशर नीट लावलं की निम्म्याहून जास्त धूर जातो, सगळा नाही जात. आणि सुरू करून उभ्या उभ्या घुमवत ठेवणं बंद करा, इंजिन थंड राहतं आणि न जळलेलं डिझेल बाहेर पडतं.

रानवाट

मला मात्र लडाखला डिझेल मोटारसायकल न्यायचीच आहे. एका टाकीत हजार किलोमीटर. कुणी नेली आहे का?

टॅपेट

टॉरसच्या टाकीत हजाराचा हिशोब जवळपास बसतो, पण नेऊ नका. हवा विरळ झाली की साडेसहातली ताकद अजून घटते, तेवढ्यात दोनशे किलोची गाडी, तुम्ही आणि सामान खिंडीत चढायचं म्हणजे पहिल्या गिअरमध्येच अर्धा दिवस. शिवाय थंडीत साधं डिझेल गोठून मेणासारखं होतं, फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशापर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलंय ते याचसाठी. उन्हाळ्यात गोठायचं नाही, पण चढ तोच राहील.

कलम_५२

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुमच्या आरसीत इंधन डिझेल आहे ही फार मोठी गोष्ट आहे, ते बुक जपा. माझ्या मेहुण्याने एका गॅरेजवाल्याच्या शब्दावर पेट्रोल बुलेटमध्ये जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं, गॅरेजवाला म्हणाला पासिंगचं मी बघतो, पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद. गाडी चार वर्षं अंगणात उभी आहे, विमा नाही, विकता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय.

तुमच्या गाडीची पंधरा वर्षं कधीच संपलीत, त्यामुळे आधी आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, गाडी दाखवून तपासणी, मग विमा. हे झाल्याशिवाय गावातल्या डांबरी रस्त्यावरही काढू नका, अपघात झाला तर काका अडचणीत येतील कारण नाव त्यांचं आहे.

वारणाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. मधे दोन महिने गेले, आता काय झालं ते लिहितो.

टाकी उतरवली, आत मूठभर गंज आणि तळाला तांबूस पाणी निघालं, टॅपेट दादा म्हणाले तसंच. टाकी धुवून घेतली, नळ्या नवीन टाकल्या, फिल्टर बदलला. पंप आणि नोझल काढून इस्लामपूरला डिझेल पंपवाल्याकडे दिले. पंप वाचला, नोझल गेलं होतं, नवीन बसवलं. इंजिन ऑईल काढलं तर डांबरासारखं. मग फ्लायव्हील हाताने फिरवून बघितलं, जाम नव्हतं, तेव्हा मला सगळ्यात जास्त हायसं वाटलं.

रविवारी सकाळी बसवलं सगळं. काका खुर्ची टाकून बसले होते. नवीन डिझेल घातलं, पंपाजवळचा बोल्ट सैल करून एअर काढली, बुडबुडे थांबेपर्यंत, मग नोझलकडची नळी सैल करून परत. इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून दहा-बारा किक नुसत्या मारल्या, ऑईल वर चढावं म्हणून. काकांनी बसल्या बसल्या सांगितलं, "आता आवाज ऐक, नोझल कर्र करतंय का बघ. करतंय नव्हं? आता खटका सोड आन जीव लावून हान." पहिली किक मागं आली, पाय सटकला. दुसरीला एक ठोका पडला, पांढरा धूर. पाचव्या किकला डग झालं, थांबलं, परत डग, आणि मग ती लय लागली.

गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आई स्वयंपाकघरातनं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. काका काठी टेकत उठले, जवळ आले आणि टाकीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले, मला वाटलं त्यांना भरून आलंय म्हणून मी दुसरीकडे बघत होतो, तर ते म्हणाले, "टायमिंग पुढं हाय. खडखडतंय. कुणी बसवला पंप?"

म्हणजे डिझेलचा फवारा वेळेच्या आधीच पडत होता. पंप मीच बसवला होता. जुनं पॅकिंग फाटलं म्हणून खाली नवीन एकच टाकलं होतं, किती होती ते मोजलंच नव्हतं.

गाडी गावातच राहणार. आरसीचे कागद दिलेत, ते होईपर्यंत मळ्याच्या वाटेनेच, तेही काकांना मागं बसवून नदीपर्यंत. टॅपेट दादा, पॅकिंग किती टाकू?

टॅपेट

काकांना नमस्कार सांगा, कान शाबूत आहे त्यांचा. पंपाखाली एक पातळ पॅकिंग वाढवा, टायमिंग मागं जाईल. सुरू करून परत त्यांना ऐकवा, ते हो म्हणेपर्यंत एकेक वाढवत जा, आणि पंप काढाल त्या प्रत्येक वेळी एअर परत काढायला विसरू नका.